मुळीचं आवतण

आमच्या आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, आसकंदाची, वैद्य अश्वगंधा म्हणत्यात तिची, मुळी आवतण दिल्याबिगर कधी उपटली न्हाय. आदल्या सांजंला हळद लावलेले तांदूळ घेऊन त्या झुडपापाशी जायच्या, मूठभर त्याच्या बुडात टाकायच्या आन् शेजारणीला सांगावं तसं सांगायच्या, की अमक्याच्या घरी दुखणं हाय, अमक्याच्या नावानं तुला उद्या न्यायला येते, तयार ऱ्हा. दुसऱ्या दिशी ऊन तापायच्या आत जाऊन बाभळीच्या मेखंनं माती उकरायच्या. मुळीला लोखंड लावायचं न्हाय, झाडावर आपली सावली पडू द्यायची न्हाय. आन् सगळ्यात मोठा नेम म्हंजी, ज्याच्या नावानं मुळी काढली त्यालाच ती द्यायची. दुसऱ्याला चिमूटभरबी न्हाय. उरली तर वाहत्या पाण्यात सोडायची.

हसा, हसा. म्याबी नवी नवरी होते तवा पदराआड हसलेली हाय. झाडाला काय कान असत्यात? पण नळदुर्गाच्या अंगच्या वाड्यावस्त्यांवर लोकं आत्याबाईंना, सिताबाई धनगरणीला, मानत होते. तापातनं उठलेला माणूस भिंत धरून चालायला लागला की त्याच्या घरचं कुणीतरी आमच्या दारात उभं ऱ्हायचं. बाळंतिणीला दुधातनं, म्हाताऱ्या माणसाला तुपातनं, ज्याला झोप लागत न्हाय त्याला सांजच्याला कोमट दुधातनं. हाडावर कातडं राहिलेल्या पोराला गुळासंगं बोटावर चाटवायची. गुडघं सुजलं तर पानं तव्यावर ऊन करून, एरंडीचं तेल लावून बांधायची. तालमीतले गडी खुराक म्हणून मागायला यायचे, त्यांना मात्र आत्याबाई उंबऱ्यावरनंच वाटंला लावायच्या. म्हणायच्या, बऱ्या माणसाला ही मुळी न्हाय, ज्याचं बळ सरलंय त्याला हाय.

काढून आणली म्हंजी झालं, असंबी नव्हतं. धुवून, बोटभर तुकडे करून, दुधात शिजवून सावलीत वाळवायची, तवा कुठं ती खलबत्त्यात जायची. घरभर वास सुटायचा. घोड्याच्या अंगाला येतो ना, तस्सा. नळदुर्गात महालिंगप्पाच्या दुकानात वाळलेली मुळी मिळायची, पण तिला आत्याबाई हात लावायच्या न्हाईत. कुणी काढली, कुणाच्या नावानं काढली, काय ठाव, असं म्हणून नाक मुरडायच्या.

हा नेम त्यांच्या सासूपासनं आलेला, पण त्यांच्या हाडात शिरला तो श्रीमंतमुळं. श्रीमंत म्हंजी माझे थोरले दीर. म्या काय त्यांना बघितलं न्हाय, माझ्या लग्नाआधीच गेले. खलबत्त्यात मुळी कुटता कुटता आत्याबाईंनीच एकदा सांगितलं. श्रीमंतला हिवताप आलेला, तो उतरल्यावर त्याच्या नावानं मुळी काढली, वाळवली, कुटली. शेजारच्या वस्तीवरची एक बाई रडत आली, तिचं लेकरू सुकत चाललेलं. आत्याबाईंना दया आली, त्यांनी श्रीमंतच्या वाटणीतली अर्धी तिला बांधून दिली. तिचं लेकरू बाळसं धरून अंगणात खेळायला लागलं आन् त्याच आठवड्यात श्रीमंतचा ताप उलटला. गेला. आता ती बोलाफुलाची गाठ. हिवतापात माणसं जायचीच. पण आईला कोण समजावणार? आपल्या हातानं पोराचं आयुष्य दुसऱ्याला वाटून टाकलं, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

एवढं ठाव असूनबी म्या त्यांच्यावर आयुष्यभर चिडून राहिले. राहिले तर राहिले. ज्याचं जळतं त्याला कळतं.

रझाकारांच्या दिवसांतलं हे. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं आन् इथं मुलखात बंदुकावाल्या टोळ्या फिरत होत्या. आमच्यापासनं सोलापूरची हद्द लांब न्हाय, ती ओलांडली की माणूस सुटला. माझे मालक मेंढरामागं हिंडून हिंडून वाटाड्या झालेले. कुठला ओढा कुठं उतरतो, कुठल्या खिंडीतनं धूळ दिसत न्हाय, सगळं त्यांना ठाव. त्यांनी कितीतरी बायकापोरं हद्दीपार नेऊन सोडली. मेंढरं म्होरं, माणसं मधी, हे मागं. कुणाकडनं एक दाणा घेतला न्हाय. म्या म्हणायची, अवो, मला दिवस गेल्यात, आता तरी घरी ऱ्हावा. तर हसायचे आन् काठी उचलायचे.

माघात टोळी वस्तीवर आली. मेंढरं हाकलली, बळद उपसून ज्वारी नेली, आन् ह्यांना बांधावर पाडून बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. बरगडी मोडली. तोंडातनं रक्त यायला लागलं, हळद-गूळ देऊनबी थांबंना. आत्याबाई त्याच सांजंला तांदूळ घेऊन गेल्या.

त्यांची जागा ठरलेली होती, आमच्या शिवारात आसकंद तिथंच. तळ्याच्या वरच्या अंगाला जुनं पडीक गावठाण हाय, पांढरीचं टेकाड. तिथली मुळी मनगटाएवढी व्हायची. दुसऱ्या दिशी मुळी आणली, शिजवली, सुपात घालून सावलीला ठिवली. ती वाळायच्या आतच सांगावा आला, की टोळी पुन्हा येणार हाय आन् ह्या वेळंला बिरदेवाला जित्ता सोडणार न्हाय. ह्यांचं नाव म्या घेत न्हाय, पण सांगावा तसाच आला म्हणून सांगते. दिस मावळायला हे कुशीला धोतर आवळून निघाले. आत्याबाई आडव्या झाल्या. म्हणाल्या, मुळी वाळू दे, दोन दीस थांब. कुठलं थांबायचं. मुळी ओलीच राहिली आन् माणूस हद्दीपार गेला.

वाळल्यावर आत्याबाईंनी ती कुटली, गाडग्यात भरली, वर लिंबाचा पाला घातला, तोंडाला फडकं बांधलं आन् गाडगं शिंक्यात टांगलं. बिरदेव आला की द्यायची. मधी कुणी म्हणायचं, सोलापूरकडच्या छावणीत दिसला. कुणी म्हणायचं, ओढ्यातच गोळी लागली. खरं काय ते कुणालाच ठाव नव्हतं. आत्याबाई सकाळी उठल्या की आधी शिंक्याकडं बघायच्या, मग देवाकडं.

ज्येष्ठात म्या बाळंत झाले. मुलगी झाली. काळीसावळी, डोईभर जावळ, आन् आवाज असा की मेंढरू हाकावं. हरणाबाई सुईण म्हणाली, ही वस्तीवर राज्य करंल. बारशाचा दीस आला तवा आत्याबाई म्हणाल्या, बाप आल्याबिगर पाळण्यात घालायचं न्हाय. बापाच्या माघारी नाव ठिवलं तर बाप येणार न्हाय असं आपण कबूल केल्यासारखं व्हतं. मला ते पटलंबी. पण म्या आपलं आपल्यापाशी एक नाव ठिवलं होतं. पाजायला घेतली की तिच्या कानात म्हणायची. तिला कळायचं. डोळे फिरवायची माझ्याकडं.

पण पाजायचं काय? मेंढरं गेली, ज्वारी गेली. कण्या शिजवायच्या आन् त्यात तरवट्याचा पाला. दुष्काळात तेरावा म्हयना म्हणत्यात तसा पाऊसबी कोंडा उडवल्यागत पडला. माझ्या अंगावरचं दूध आटत चाललं. पोरगी ओढायची, ओढायची आन् चिडून रडायची. हरणाबाई कुठनं कुठनं शेळीचं दूध वाटीत आणायची. कापसाच्या वातीनं ते पोरीला पाजून बघितलं, तर सगळं ओकून टाकायची. तिला पचायचंच न्हाय. मग हरणाबाई म्हणाली, हे दूध तू पी, पण त्यात आसकंद घाल. तुझ्या अंगात आलं तर तिच्या तोंडात जाईल. घरात सिताबाई आन् बाळंतीण अशी वाळतीय, असं म्हणत तिनं शिंक्याकडं बघितलं.

महालिंगप्पाचं दुकान असतं तर म्या गुमान तिथली बिननावाची मुळी आणून खाल्ली असती. पण दुकानाला कधीचं कुलूप, आन् महालिंगप्पा लेकराबाळांसकट सोलापुरात.

सासूपुढं तोंड वर करून बोलायची रीत न्हाय. त्या दिशी म्या बोलले. पोरीला मांडीवर घेऊन म्हणलं, "आत्याबाई, गाडगं काढा. माझ्यासाठी मागत न्हाय, हिच्यासाठी मागते."

"ती बिरदेवाच्या नावाची हाय."

"सगळी नगं. चिमूटभर द्या."

"श्रीमंतची अर्धी दिली होती," त्या म्हणाल्या. मग पोरीच्या जावळावरनं हात फिरवला आन् हळू म्हणाल्या, "गजरे, एक पोरगा म्या माझ्या हातानं वाटून टाकला. दुसरा न्हाय वाटणार."

तुमी म्हणाल, शिंकं काय आभाळात होतं? हात वर केला की गाडगं हातात. व्हय, होतं. पण आत्याबाईंचा पोरगा तो माझाबी नवरा होता ना. माझं कुंकू त्याच गाडग्यात होतं. एका अंगाला नवरा आन् एका अंगाला तान्ही, अशी पाळी वैऱ्यावर येऊ नये.

आत्याबाईंना दगडाच्या काळजाची म्हणायला माझी जीभ लई वेळा उचलली. पण खरं ते सांगते. त्याच सांजंला त्यांनी हळदीचे तांदूळ घेतले आन् माझ्या नावानं आवतण द्यायला टेकाडाकडं गेल्या. टेकाडावर आता टोळीनं राहुट्या ठोकल्या होत्या, घोडी बांधली होती. वस्तीतली बापय माणसंबी त्या वाटंनं जात नव्हती. आत्याबाई खालच्या बांधावर उभ्या राहिल्या, लांबनंच तांदूळ फेकले आन् लांबनंच माझं नाव घेतलं. दुसऱ्या दिशी मेख पदरात झाकून टेकाड चढल्या. म्या आन् हरणाबाई दारात उभ्या होतो. दिसलं ते एवढंच, की एकजण घोड्यापाशनं उठला आन् चाबूक घेऊन त्यांच्याकडं गेला.

परत आल्या तवा कान फाटलेला, लुगडं रक्तानं भिजलेलं. हात रिकामे. मेखबी त्यांनी चुलीत घातली. हरणाबाईनं कानाला हळद दाबली. फाटक्या कानानं त्या शिंक्याखाली जाऊन बसल्या. बघा आता. चाबूक खाईन, पण त्या गाडग्याला हात लावणार न्हाय. अशा बाईवर चिडावं का तिच्या पाया पडावं? म्या चिडले.

त्याच्यानंतर त्यांची बसायची जागा तीच झाली. तिथंच बसून त्या कण्या निवडायच्या, तिथंच पोरीला मांडीवर घेऊन जोजवायच्या. आपल्या वाटणीच्या कण्या माझ्या ताटात लोटायच्या. स्वतः पाला खायच्या. त्यांचंबी अंग सुकत चाललं. पोरगी रडायची तवर मला धीर होता. मग तिचं रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लागत. मग तेबी थांबलं आन् ती नुसती बघत ऱ्हायला लागली. कानात नाव म्हणलं की पापणी हलवायची, तेवढंच.

श्रावणात एका दुपारी पापणी हलली न्हाय.

बांधाच्या कडंला, आपट्याखाली, हरणाबाईनं आन् म्या खड्डा केला. आत्याबाई पोरीला उचलून आणत होत्या. अशा चालत होत्या, जणू ओझं लई हाय. मातीत ठिवताना त्यांनी तिच्या तोंडावर भंडारा टाकला आन् काहीतरी पुटपुटल्या. काय ते म्या ऐकून घेतलं न्हाय.

मुळी खाऊन माझं दूध आलं असतं का? पोरगी जगली असती का? आता शिकलेली नातवंडं सांगत्यात, आजी, दूध भाकरीनं येतं, मुळीनं न्हाय. असंल बाबा. तुमचं खरं असंल. पण घरात होती आन् दिली न्हाय, हे कुठल्या शाळंत शिकून पुसून निघतं ते सांगा.

भादव्यात सोलापूरच्या सडकंनं फौजेच्या गाड्या आल्या. नळदुर्गाकडं तोफांचे आवाज झाले आन् टेकाडावरची टोळी राहुट्या टाकून पळाली. लोकं सडकंवर नाचत होती, गुलाल उधळत होती. आमच्या वस्तीवर कुणीतरी गूळ वाटत आलं. म्या हातात घेतला आन् तसाच कोंबड्यांपुढं टाकला.

त्याच आठवड्यात हे आले.

अंगावर पांढरा सदरा, पायात वहाणा, आन् गाल भरलेले. गेले तवा कुशी धरून वाकडं चालत होते, आता ताठ. छावणीत दोन्ही वखत भाकरी आन् वरण मिळत होतं, तिथल्या डाक्टरनं बरगडी बांधून दिली होती. अंगणात पाऊल टाकताच माझ्याकडं बघून हसले आन् विचारलं, "पोरगा का पोरगी?"

आत्याबाई उठल्या, त्यांनी शिंक्यातनं गाडगं काढलं, फडकं सोडलं, सुकलेला पाला बाजूला केला. आत किडा लागलेला. निम्म्याचा भुगा झालेला. त्यांनी तो पाट्यावर पसरला, एकेक किडा वेचून टाकला, चाळला आन् जे राहिलं ते वाटीत घेऊन ह्यांच्यापुढं ठिवलं.

"माय, मला कशाला?" हे म्हणाले. "म्या बरा हाय. ही बघा कशी झालीय. हिला द्या."

आत्याबाई तिथंच भुईला बसल्या. मग म्या सांगितलं. समदं सांगितलं, काही गाळलं न्हाय. वाटी मधी तशीच होती. ऐकून झाल्यावर हे उठले आन् बाहेर वाड्यात, जिथं मेंढरं बसायची, त्या रिकाम्या वाड्यात जाऊन बसले. आईला एका शब्दानं बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. ती वाटी म्या खाल्ली न्हाय, ह्यांनीबी न्हाय. आत्याबाईंनी ती ओढ्यात सोडली, नेमाप्रमाणं.

पुढच्या माघात एका सांजंला आत्याबाई मला म्हणाल्या, गजरे, चल माझ्यासंगं. मुळी काढायला त्यांनी कधी कुणाला संगं नेलं नव्हतं. वर्षभर त्यांनी कुणाला मुळी दिलीबी नव्हती, आलेल्याला अंग बरं न्हाय म्हणून परत पाठवायच्या. हातात तांदूळ होते. उद्यासाठी नवी मेखबी करून ठिवलेली. काठी टेकत टेकत त्या टेकाड चढल्या, म्या मागं. टोळीची घोडी जिथं बांधलेली असायची तिथं सगळी लीद कुजलेली, आन् त्यावर आसकंद असा माजलेला की कंबरंला लागंल. तांबडी फळं लगडलेली. असा आसकंद म्या पुन्हा कधी बघितला न्हाय.

एका झुडपापुढं त्या बसल्या. म्हणाल्या, "तान्हीच्या नावानं काढते. आपट्याखाली तिच्या उशाला पुरते. चिमूटभर मागितली होतीस, तिला आख्खी देते."

मग त्यांनी मूठ पुढं केली, डोळे मिटले आन् आवतण सुरू केलं. सिताबाईच्या घरी दुखणं हाय, म्हणाल्या. बिरदेवाची लेक, म्हणाल्या. आन् तिथं थांबल्या. आवतणात नाव लागतं. अमक्याची लेक, तमक्याची सून, असं चालत न्हाय. त्यांनीच मला शिकवलेलं. जराशानं डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. फाटका कान भरून आला होता, पण वाकडाच भरला होता.

"गजरे, तिचं नाव काय गं?"

माझ्याजवळ नाव होतं. ओठावर होतं. हजारदा कानात म्हणलेलं.

म्या म्हणलं, "नाव कुठं ठिवलं, आत्याबाई? बाप आल्यावर ठिवायचं होतं."

त्या रडल्या न्हाईत. मुठीतले तांदूळ घामानं ओले होऊन हाताला हळद लागली, तरी मूठ उघडली न्हाय. अंधार पडल्यावर म्या त्यांना बखोटीला धरून उठवलं आन् तसंच घरी आणलं. ते तांदूळ त्यांनी पदराला बांधून ठिवले, लुगडं बदललं की नव्या पदराला. त्यानंतर त्यांनी आसकंदाला हात लावला न्हाय. लोकं यायची, हातापाया पडायची. झाड आता माझं ऐकत न्हाय, असं त्या म्हणायच्या आन् आत जायच्या. पुढं त्या वारल्या तवा आंघोळ घालताना पदराची ती गाठ हरणाबाईनं सोडली, आन् आत तांदळाचा पिवळा भुगा निघाला.

तिच्या पाठीवर मला पोरं झाली, पोरी झाल्या. सगळ्यांची बारशी वेळच्या वेळी केली. हरणाबाई एकदा म्हणाली, तू तिच्या कानात म्हणायचीस ते नाव ह्या पोरीला दे की. म्या न्हाय दिलं. ते तिचं हाय. आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय आन् तुमालाबी सांगणार न्हाय.